एका घराला दोन जमिनी

झामसिंगनं त्याला जमीन व्हायला सांगितलं, तेव्हा उदारामची बशी ओठाला लागलेली होती. स्टेशनासमोर गुलाबचंदचं हॉटेल, दुपारची वेळ, भट्टीवरचं दूध उतू जायच्या बेतात, बालाघाटकडं जाणारी छोटी गाडी शिट्या मारून मारून दमलेली. शेजारच्या बाकावर अंग चोरून बसलेला झामसिंग उईके, आता रेल्वेच्या गँगमधला आणि पूर्वी बर्माच्या लढाईत, उदाराम फौजेत नाईक असताना, त्याच्या हाताखाली खच्चरं हाकणारा, एकदम म्हणाला, "नाईकसाब, तुमी माझे जमीन व्हा." निदान उदारामच्या कानात गेलं ते असं.

"काय होऊ?"

"उद्या कचेरीत घराच्या कर्जाचा आखरी दिस हाये. एक जन झाला, आमचा मुकादम सेवकराम. दुसरा शेतीवाला पायजे म्हनते. तुमच्या नावावर धानाच्या दोन बांध्या हायेत. तुमी व्हा."

"का बे, मानूस जमीन कसा होईल? माझ्यावर नांगर घालतेस का?"

भट्टीमागून गुलाबचंद खो खो हसला. "जमीन नहीं नाईकसाब, जामीन! जा-मीन! अपने यहाँ जिसको जमानतदार बोलते थे ना, वही. अब बंबई का राज है, तो लफ्ज भी उधर से ही आयेंगे."

उदारामही हसला. मिशीवरचा चहा पंज्यानं पुसला, मांडीवर थाप मारली, गुलाबचंदच्या बापाला एक सौम्य शिवी दिली. हसणं त्याला येतच होतं. पण ते चालू असतानाच आत कुठंतरी दोर सुटला आणि बादली विहिरीत जावी तसं काहीतरी खाली खाली जायला लागलं. तळ लागल्याचा आवाज येईना. जामीन. म्हणजे माणूस. पोळ्याच्या सुमारास कचेरीतल्या कारकुनानं दोन माणसं मागितली होती, आणि आपण त्याच्यासाठी दोन जमिनी जमवल्या.

"उद्या सकाळी सांगतो," तो उठत म्हणाला. झामसिंगनं मान डोलावली. त्याची मान अशी डोलायची की समोरच्यानं आधीच होकार दिला आहे असं वाटावं. या मानेचाही उदारामला राग आला.

रुळाच्या कडेनं मिलकडं चालताना त्याला तो पोळ्याचा दिवस परत दिसायला लागला, आणि नको तितका स्वच्छ. दोघं एकाच वेळी कचेरीत गेले होते. लढाईवरून आलेल्यांना सरकार प्लॉट देणार, वर घर बांधायला कर्ज देणार, अशी दवंडी गोंदियात पिटली गेली तेव्हा उदारामनं ट्रंकेतून फौजेचा कोट काढला होता, बटणं राखेनं घासली होती. कचेरीत कळलं की लढाईत गोळीपुढं उभं राहणं सोपं, कर्जाच्या टेबलापुढं अवघड. फौजेत शिरायचं म्हणून त्यानं वय वाढवून सांगितलं होतं, म्हणून फौजेतून सुटल्याच्या कागदावर तो स्वतःच्या थोरल्या भावाहून मोठा निघाला. कारकून म्हणाला, अहो राव, हे कसं काय? त्याची चौकीदारीही हंगामी, धान भरडून झालं की राइस मिलचा चौकीदार उंदरांची चौकी करणार, तो पगार सरकार मोजत नाही. त्या सगळ्यांतून उदाराम बोलून बोलून वाट काढत गेला, चिखलातून खच्चर काढावं तसा, कधी गोंजारून, कधी शेपटी पिरगाळून. शेवटी कारकून नरमला. सातारच्या बाजूचा, राज्य बदललं तेव्हा इकडं बदलून आलेला, तोंडात पानाचा तोबरा. तो तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेता नेता तो म्हणाला होता, दोन जामीन लागतील बघा. त्या तोबऱ्याखाली 'जा'चा काना चिरडला गेला. उदारामनं छाती काढून, हो साहेब, म्हटलं होतं. शेजारी झामसिंग खुळ्यासारखा उभा. "समजलं नाही साहेब, फिरून सांगा," असं तो म्हणाला तेव्हा उदारामला त्याची इतकी लाज वाटली की तो पुढचं ऐकायला थांबलाच नाही. शुद्ध मराठी कळणारे आपण, आणि हा नागझिऱ्याच्या झाडीतून उठून आलेला गोंड. फिरून सांगा म्हणे. साहेब काय पोस्टातली बाई आहे, दहा वेळा विचारायला!

आणि त्या झाडीतल्या गोंडाला साहेबानं तोबरा थुंकून फिरून सांगितलं असणार.

त्याच संध्याकाळी उदारामनं गुलाबचंदच्या हॉटेलात गर्जना केली होती, एका घराला दोन जमिनी मागून राहिली सरकार! सगळं हॉटेल लोटपोट झालं. मिलचा मुनीम हसला, हमाल हसले, गुलाबचंदनं फुकट भजी दिली. कुणी त्याची चूक सुधारली नाही. कसं सुधारणार? याच तोंडातून त्यांनी ऐकलं होतं की बर्मातले डास खच्चराला झोळीत घालून उचलून नेतात, नेताना कुठला पाय आधी खायचा यावर आपसांत भांडतात. की चिंदविनच्या पुरात एका मगरीच्या पाठीवर चूल मांडून त्यानं पलटणीचा भात शिजवला, आणि मगर मिठाला जागून त्यांना काठाला लावून गेली. मगरीच्या पंक्तीत सरकारच्या दोन जमिनी सहज बसल्या. जन्मात एकदा तो खरं समजून, खऱ्या संतापानं बोलला, आणि टाळी मिळाली. आता विचार करताना त्याला वाटलं, त्या हसणाऱ्यांत झामसिंगही होता का? होता. कोपऱ्यात. हसत नव्हता. मग बोलला का नाही? 'नाईकसाब, जमीन नाही, मानूस,' एवढे चार शब्द. पण झामसिंगनं मगरीलासुद्धा कधी खोटं म्हटलं नव्हतं. नाईकसाब सांगतात म्हणजे असेल. या विश्वासानंच तर घात केला. त्याच्यावर रागवायचं तर कसं रागवायचं?

धानाच्या लोंबीचं कुसळ घशात अडकलं की खोकून निघत नाही आणि गिळून जात नाही. नागऱ्याजवळच्या गावात लहानपणी त्याला एकदा तसं झालं होतं. आई भाताचे कोरडे गोळे गिळायला देत होती आणि प्रत्येक गोळ्यानं कुसळ आणखी आत रुतत होतं. आताही तेच. तो स्वतःला समजावत होता, आणि प्रत्येक समजुतीनं ते रुतत होतं. त्या दोन बांध्यांसाठी तो त्याच गावी थोरल्या भावाकडं, बकारामकडं, गेला होता. बकाराम ओसरीवर दोर वळत बसला होता. "सात वरसं तू देश पाहून राहिला," तो मान वर न करता म्हणाला, "बांध्या मी राखल्या. आता कायले पायजेत?" उदाराम म्हणाला, सरकार मागते. बकारामनं त्याच्याकडं पाहिलं, त्याला मगर माहीत होती. "खरंच सांगतेस का?" "मायची आन." आईची शपथ त्यानं आजवर गोष्टीत कधी घातली नव्हती, आणि बकारामला ते ठाऊक होतं. म्हणून बकारामनं दिल्या, नाल्याकडच्या, दोन. बदल्यात उदारामनं बापाच्या घरातला आपला वाटा सोडला. ज्या ओसरीवर बसून बोलणं झालं ती ओसरी उठताना त्याची राहिली नव्हती. तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो तर स्वतःच्या घराकडं चालला होता. आता वाटत होतं. एक घर देऊन दोन जमिनी घेतल्या, की त्या दोन जमिनींवर झामसिंगला एक घर मिळावं. एवढी मोठी थाप तर त्यानं स्वतःही कधी मारली नव्हती.

पलीकडं, मालधक्क्याच्या मागं, सरकारनं आखलेले प्लॉट होते. चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांना दगड. झामसिंगची बायको धनवंता तिथं उभी होती, कमरेवर हात, डोक्यावर उन्हासाठी ओढलेला पदर, आणि जमिनीकडं बघत एकटीच हसत होती. नुसती रेघ बघून! उदारामनं मान फिरवली, पण त्याच्या डोळ्यांनी तोवर घर बांधायला घेतलं होतं. मिलच्या फाटकापर्यंत पोचेतो चुन्याच्या रेघेवर भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. रात्रपाळीवाल्याला किल्ल्या देताना पडवी आली. घराकडं वळताना पडवीत झोपाळा लागला, झोपाळ्यावर झामसिंग, त्याच्या हातात हुक्का, जो झामसिंगनं जन्मात ओढला नव्हता. मग वरचा मजला. मग गच्चीवर नागझिऱ्याहून आपणहून आलेला मोर. मग मुंबई मेल त्या घरासमोर थांबायला लागली, गार्ड खाली उतरून झामसिंगला विचारायचा, निघू का साहेब? एकही वीट लागायच्या आत ते घर गोंदियाच्या पाण्याच्या टाकीहून उंच झालं होतं, आणि त्याची सावली बरोबर उदारामच्या भाड्याच्या खोलीवर पडत होती.

घराचं एक सोडा. त्याला झामसिंगच्या झोपेचाही हेवा वाटत आला होता. बर्मात तोफा चालू असताना हा खच्चराच्या पोटाला पाठ लावून झोपायचा. खच्चरंसुद्धा त्याचीच ऐकायची. उदाराम नाईक, हाती छडी, तोंडात हुकूम. खच्चर कान मागं टाकून उभं. झामसिंग काहीतरी गोंडीत पुटपुटायचा आणि ते बेटं हलायचं. काय म्हणतोस बे त्याला, असं उदारामनं एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, काई नाही नाईकसाब, थकलास का, एवढंच. एवढंच! तेवढंच आपल्याला कधी सुचलं नाही. न समजलेलं न समजलं म्हणायची लाज न वाटणं, हीसुद्धा एक इस्टेट आहे, आणि ती त्याच्याकडं वाडवडिलांपासून चालत आलेली.

त्याची बायको रुख्मा चुलीपुढं होती. मिलच्या मागची ती खोली, कोंड्याच्या धुळीनं भिंतीसुद्धा खोकायच्या. त्यानं तिला सगळं सांगितलं, मगर न घालता. तिचा हात भाकरीवर थांबला.

"म्हंजे ओसरी गेली ते फुकट?"

"फुकट नाही. बांध्या आल्या."

"बांधीत झोपू का मी, अजी? बेडकावानी?" ती म्हणाली. मग पुढची भाकरी थापायला घेतली. बोलली ती अगदी साध्या आवाजात. "तुमी झामसिंग भाऊचे व्हा, तो तुमचा होईल. मुकादम दोघायचा होईल. त्यात काय? दोन घरं. मले शेजारी धनवंता बरी."

इतकं सोपं. बाईनं भाकरी उलटता उलटता दोन घरं बांधली. उदारामच्या घशातलं कुसळ थोडं हललं. शेजारी शेजारी दोन घरं. आपलं वीतभर उंच ठेवता येईल, जोतं चढवून. नाईक तो नाईक.

सकाळी कचेरीत तिघं होते, झामसिंग, सेवकराम मुकादम आणि उदाराम, कोटात. सेवकराम तिरोड्याकडचा, जाड गळ्याचा, बघेल त्याच्या खिशाचं वजन करणारा. कारकुनाच्या तोंडात आज पान नव्हतं. आज प्रत्येक काना ऐकू येणार होता. उदारामनं रुख्माचा बेत आपला म्हणून मांडला. कारकून हसला नाही, हे वाईट लक्षण होतं.

"तसं होत नाही हो. जो कर्ज घेणार, त्याला दुसऱ्याचा जामीन राहता येत नाही. आणि जो जामीन राहिला, त्याला ते फिटेस्तोवर कर्ज नाही. तुम्ही यांचे झालात तर तुमचा अर्ज रद्द. आज यादी बंद होते. पुढची कधी निघेल ते मी कशाला सांगू, मलाच माहीत नाही."

टेबलावर दौत होती, तिच्या कडेला शाई वाळून कातडी झालेली. उदाराम त्या कातडीकडं बघत राहिला. नाही म्हणायचं. साधं आहे. झामसिंग, बाबा, मलाही घर पायजे. त्याला कुणी नावं ठेवली नसती. दुसरा शेतीवाला आज संध्याकाळपर्यंत झामसिंगला मिळणार नाही, म्हणजे चुन्याची रेघ तशीच राहील, पहिल्या पावसात पुसेल, मोर नागझिऱ्याला परत जाईल. आपलंही होणार नाही, पण त्याचंही नाही. त्या विचारानं त्याला बरं वाटलं, इतकं बरं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मागून झामसिंग बोलला.

"साहेब, मंग माझा अर्ज काढून टाका. मी नाईकसाबचा जामीन होतो. माझी नोकरी पक्की हाये, अना शेती नाईकसाबची सोताची हाये. सेवकराम भाऊ, तुमी त्याईचे व्हा."

"याचा?" सेवकराम म्हणाला. "मगरीवर भात शिजवनाऱ्याचा?"

"माझ्यासाठी व्हा."

सेवकरामनं खांदे उडवले. "तुझ्या शब्दावर होतो. त्याच्या नाही."

कारकुनानं दोघांकडं पाहिलं. "मग? कुणाचं नाव घालू?"

घर समोर आलं. अगदी टेबलावर, दौतीशेजारी. उदारामनं नुसता हात लांब करायचा होता. रुख्माची चूल, पडवी, वीतभर उंच जोतं, सगळं. पण ते झामसिंगच्या तळहातावर होतं. झामसिंग ते देत होता, आणि देताना त्याचा चेहरा साधाच होता, पाण्याची बाटली पुढं करावी तसा. त्याला कळतही नव्हतं आपण काय देतोय, की कळत होतं? उदारामनं निरखून पाहिलं. कळत होतं. म्हणजे जन्मभर त्या घरात राहायचं आणि रोज सकाळी दार उघडलं की आठवायचं, हे त्यानं दिलं. गोंदियाभर कुणी म्हणणार नाही, नाईकसाबनं घर बांधलं. म्हणतील, झामसिंगच्या शब्दावर मिळालं. खच्चरांनी त्याचं ऐकलं, सेवकरामनं ऐकलं, साहेबानं फिरून सांगितलं. आणि आता हा मोठेपणाही यालाच? घर घे लेका, पण हे नाही. हे मी तुला घेऊ देणार नाही.

"सरका," तो म्हणाला आणि कारकुनाच्या हातातली लेखणी जवळजवळ हिसकावूनच घेतली. "नाईक मी हाये का हा? हुकूम कोन देईल? कुठं करू सही?"

"अहो, पण तुमचा अर्ज..."

"फाडा तो. कुठं करू?"

सही त्यानं इतकी मोठी केली की शेवटचा 'ले' कागदाबाहेर टेबलावर गेला. उदाराम राहांगडाले. कारकुनानं टीपकागद दाबला.  झामसिंगनं वाकून उदारामच्या पायाला हात लावला, तेव्हा उदारामनं पाय मागं ओढला, विंचू दिसल्यासारखा. सेवकराम मात्र त्याच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागला होता. नेहमीची ती वजन करणारी नजर होती, पण काटा जरा हलला होता. त्या नजरेची चव दरवाजापर्यंत टिकली. दरवाजाबाहेर ऊन होतं, आणि घरी रुख्मा.

रुख्माला काय सांगायचं? परतताना तो झामसिंगच्या मागं चालत होता, सेवकराम बाजाराकडं वळला होता. त्यानं एक गोष्ट जुळवून पाहिली, साहेबच कसा हात जोडून उभा राहिला ती. मग दुसरी. एकही दोन पावलं चालेना. तिला फक्त एवढंच सांगता आलं असतं, तो मला देत होता म्हणून मी घेतलं नाही. आणि हे तिला कळलं असतं, म्हणूनच सांगता येणार नव्हतं.

कुसळ तसंच होतं. त्यानं सवयीनं झामसिंगच्या पाठीला एक शाप द्यायचा प्रयत्न केला, पाठमोऱ्या माणसाला देतात तसा बारीकसा: तुझ्या भिंतीला भेग पडो. आणि शाप ओठांपाशीच अडला. भिंतीला भेग पडली तर डागडुजी. डागडुजी आली तर हप्ता चुकणार. हप्ता चुकला तर कचेरी कुणाच्या दारात येणार? त्यानं दुसरा उचलला. तुझी नोकरी जावो. नको, नको. तुला पटकी होवो, ताप येवो. देवा, नको. एकेक शाप तो हातात घेत होता आणि गरम कौल धरल्यासारखा खाली टाकत होता. त्या कागदानं त्याच्या हेव्याचे दात पाडले होते. हेवा तेवढाच्या तेवढाच होता, चावता येत नव्हतं. ज्या माणसाचं बरं बघवत नाही, त्याचं बरं चालावं म्हणून रोज सकाळी उठून प्रार्थना करायची. फिटेस्तोवर.

झामसिंग चालता चालता रुळावर चढला होता. गँगमधली माणसं चढतात तसा, सवयीनं, लोखंडावर एकापुढं एक पाऊल टाकत, हात किंचित पसरून. आज तो जरा नाचत चालल्यासारखाही दिसत होता. लांब वळणावर मालगाडीचा धूर उठला. अजून बराच लांब होता. झामसिंगला तो दिसत असणार. रोज रुळावर राबणारा माणूस. उदारामच्या छातीत मात्र एकदम धडधड सुरू झाली, तोफांतसुद्धा झाली नव्हती अशी.

"खाली उतर बे!" तो ओरडला. आवाज फाटला. "उतर म्हनतो ना! रूळ काय तुझ्या बापाचा हाये?"

झामसिंग दचकून खाली उतरला, मागं वळला. "काऊन नाईकसाब? गाडी दूर हाये."

"दूर हाये तं हाये. तू मेला तं तुझं घर मी फेडू का? अना हे डोकं उघडं कायले ठेवतेस उन्हात? दुपट्टा बांध. बांध, माझ्यासमोर बांध."

झामसिंगनं खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. उदारामनं डोळे वटारल्यावर ते परत गेलं.

"आता कसा चालू?"

"कडेनं," उदाराम म्हणाला. "माझ्या पुढं. अना हळू. दिसत राहा."